मे महिन्यातील विदर्भ आणि मोटारसायकलचा बेत: पाण्याच्या आधी वेळ ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पत्नी तिच्या बहिणीच्या लग्नासाठी आधीच ब्रह्मपुरी तालुक्यातील गावी गेली आहे. तुम्ही, अडुसष्ट वर्षांच्या आई आणि चार वर्षांचा मुलगा असे तिघे रत्नागिरीहून निघून मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास नागपूरला उतरणार आहात. तिथे मेहुण्याची मोटारसायकल मिळणार असून उमरेड, भिवापूर, नागभीड या मार्गाने दुपारभरात गाव गाठायचे आणि संध्याकाळच्या हळदीला हजर राहायचे, असा बेत आहे. आईंना रक्तदाब आहे आणि त्यांना रोज ‘पाण्याची गोळी’ चालू आहे. पाणी किती न्यावे, ओआरएस कोणते घ्यावे, खिशात कांदा ठेवल्याने खरेच फायदा होतो का, आणि वाळवंटातील प्रवाशांना सांगतात तसे पाणी पुरवून पुरवून प्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आधी सरकारी नोकरीत आणि नंतर स्वतःच्या दवाखान्यात रुग्ण पाहत आलो आहे, त्यामुळे उन्हाने आजारी पडलेली माणसे दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येतात. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतील, पण खरी अडचण त्यांपैकी एकातही नाही. अडचण आहे ती नागपूरहून निघण्याच्या वेळेत आणि वाहनात. साडेअकराला निघून दुपारी अडीच-तीनपर्यंत उघड्यावर राहणे हा बेत पाण्याच्या कितीही बाटल्या घेतल्या तरी सुरक्षित होत नाही, कारण पाणी हा सावलीला पर्याय नाही.

असे का, हे थोडे खोलात सांगायला हवे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत शरीरातील उष्णता हवेत सहज निघून जाते. हवा ४४-४५ अंशांवर गेली की हा व्यवहार उलटा होतो आणि हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येऊन तो त्वचेवर वाळणे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपले शरीर त्या दिवसांत अक्षरशः माठासारखे काम करते: पाणी पाझरते, वाळते आणि आतला भाग थंड राहतो. माठाला बाहेरून ऑइल पेंट फासला की तो पाणी गार करत नाही. नायलॉनचा घट्ट शर्ट किंवा चकचकीत कृत्रिम धाग्याचा झब्बा हेच काम माणसाच्या बाबतीत करतो.

कोकणातल्या माणसाची इथे एक विशिष्ट फसगत होते. तुमच्याकडच्या दमट हवेत घाम निथळतो, शर्ट अंगाला चिकटतो आणि आपले पाणी जात आहे हे डोळ्यांना दिसते. मे महिन्यातल्या आमच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधीच उडून जातो. पाहुणे मला कौतुकाने सांगतात, “डॉक्टर, इथे ऊन जास्त आहे, पण घाम मात्र येत नाही.” त्यांच्या गडद शर्टाच्या पाठीवर, काखेपासून खाली उतरत गेलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेषा मी त्यांना दाखवतो. घाम भरपूर आलेला असतो. मागे राहिले ते फक्त मीठ.

शिवाय उन्हाची सवय ही खरोखर शरीरात घडणारी गोष्ट आहे. उन्हात रोज थोडे थोडे वावरल्यास साधारण एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, त्यातून मीठ कमी जाते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. गावातला शेतकरी मार्चपासून ही तयारी नकळत करत असतो. तुम्ही रेल्वेच्या डब्यातून थेट फलाटावर उतरणार, म्हणजे तुमचा पहिलाच दिवस सर्वांत धोक्याचा आहे. “तिकडचे लोक भर उन्हात गाडी चालवतातच की” हा युक्तिवाद म्हणूनच तुम्हाला लागू होत नाही. आणि खरे सांगायचे तर तिकडचे शहाणे लोक चालवतही नाहीत. तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. दुपारी बारा ते चार आमच्या गावांतल्या रस्त्यांवर कुत्रेसुद्धा दिसत नाही.

आता आकड्यांविषयी. हवामान विभाग जे तापमान सांगतो ते सावलीतले, जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या हवेशीर पांढऱ्या पेटीतले असते. मैदानी भागात पारा ४५ अंशांना पोहोचला की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांना पोहोचला की तीव्र लाट मानतात; ४० अंशांच्या वर असताना सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक वाढ झाली तरीही लाट जाहीर होते. डांबरी रस्त्यावर, थेट उन्हात, खालून-वरून भाजणाऱ्या माणसाला सोसावी लागणारी उष्णता या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. त्यातच मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे रस्त्याकडेच्या झाडांची सावली झाडाखालीच गोळा होते आणि रस्त्यावर तिचा काहीच उपयोग होत नाही. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तप्त मानले जाणारे नऊ दिवस, साधारण २५ मेला सुरू होतो, म्हणजे तुमच्या तारखा त्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या आहेत. सूर्य बाराच्या सुमारास माथ्यावर असला तरी हवा सर्वाधिक तापते ती तीनच्या आसपास, म्हणजे नेमकी तुम्ही नागभीडच्या पुढे असाल तेव्हा.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. मोटारसायकल सोडून द्या. आई आणि मुलासह नागपूरलाच एखाद्या नातेवाइकाकडे किंवा प्रतीक्षालयात, कूलर अथवा एसी असलेल्या ठिकाणी, दुपार काढा. पाचच्या सुमारास एसी चालू असलेली भाड्याची गाडी करून निघा. हे शे-सव्वाशे किलोमीटरचे अंतर अडीच-तीन तासांत होईल आणि हळदीचा शेवटचा भाग तरी मिळेल. खर्च परवडणारा नसेल तर पाचनंतरची एसटी घ्या. हा रस्ता आग्नेयेकडे जातो, त्यामुळे दुपारनंतर डाव्या बाजूच्या खिडक्यांवर ऊन येत नाही. इंजिनाजवळची आणि अगदी मागची आसने टाळा. हळद चुकली तरी चालणार असेल, तर सर्वांत उत्तम म्हणजे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघणे. सूर्योदयाच्या वेळी दिवसातले सर्वांत कमी तापमान असते आणि नऊच्या आत तुम्ही गावात चहा घेत असाल. रात्री मोटारसायकलने जाण्याचा पर्याय मात्र मी मुद्दाम सुचवत नाही. उमरेडच्या पुढे जंगलाचे पट्टे लागतात आणि अंधारात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे येऊन झालेले अपघात आम्ही उन्हाच्या रुग्णांइतकेच पाहतो.

यात परिस्थितीनुसार बदल होतो हेही मान्य करतो. तुम्ही तिशीचे आणि एकटे असता, निरोगी असता आणि पारा ४१-४२ वर असता, तर सकाळी दहापर्यंत किंवा साडेपाचनंतर मोटारसायकलने जाण्यास मी हरकत घेतली नसती. परंतु केशरी किंवा लाल इशारा असताना, वृद्ध आणि मूल सोबत घेऊन, पहिल्याच दिवशी जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

मुलाला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, म्हणून त्याबद्दल वेगळे लिहितो. ती टाकी उन्हात इतकी तापते की उघड्या मांडीला चटका बसतो. समोरचा सगळा झोत मुलाच्या तोंडावर येतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे तापलेल्या हवेतून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर उष्णता शोषून घेते, आणि त्रास होत असल्याचे नीट सांगूही शकत नाही. ते फक्त पेंगू लागते आणि आपल्याला वाटते की बाळ झोपले. गाडी भाड्याची असो वा घरची, ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत मुलाला किंवा आईंना सोडू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही.

कधी ना कधी तुम्हाला एकट्याने गाडीवर जावे लागेलच, म्हणून कपड्यांविषयी सांगतो. वेगाने गाडी चालवताना वारा लागतो आणि बरे वाटते, पण ४४ अंशांचा वारा कोरड्या त्वचेला थंड करत नाही, तापवतो. म्हणून अंग उघडे ठेवण्याऐवजी झाकायचे: सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायांत मोजे आणि डोक्याला, कानांना व मानेला गुंडाळलेला ओला सुती दुपट्टा. त्यावर हेल्मेट घालायचेच. दुपट्टा हा हेल्मेटचा पर्याय नाही. ओला दुपट्टा आमच्या हवेत पाहता पाहता खडखडीत वाळतो, तेव्हा दर थांब्याला तो पुन्हा भिजवा. कूलर ज्या कारणाने विदर्भात चालतो आणि रत्नागिरीत चालत नाही, तेच कारण इथे आहे: हवा कोरडी असेपर्यंत ओले कापड हे उत्तम यंत्र आहे. जुनी माणसे प्रवासात कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पाझरणारी पिशवी, सोबत ठेवत. ती मिळाली तर जरूर घ्या, कारण प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी तासाभरात चहाइतके गरम होते आणि गरम पाणी माणूस पुरेसे पीत नाही.

गाडी जंगलपट्ट्यात बंद पडली तर ती उन्हात ढकलत नेऊ नका. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक भाग उष्णतेतच जातो, म्हणजे बाहेरच्या आगीत तुम्ही आतली भर घालता. झाडाखाली बसा, फोन करा, येणाऱ्या वाहनाला हात दाखवा.

आता वाळवंटाच्या त्या सल्ल्याकडे येतो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. त्या मानाने आपला पारा कमी आहे, पण शरीराचे नियम दोन्हीकडे तेच. पाणी पुरवून पुरवून पिण्याचा सल्ला तिथेही चुकीचाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा अभ्यास केला. त्यात दिसले की पाणी हाताशी असतानाही उन्हात काम करणारी माणसे गमावलेल्या पाण्याइतके पाणी आपणहून पीत नाहीत आणि बरीचशी तूट जेवणाच्या वेळी भरून काढतात. तहान ही उशिरा वाजणारी घंटा आहे, आणि वय वाढते तशी ती आणखी उशिरा वाजते. म्हणून बाटलीत शिल्लक ठेवलेले पाणी संकटात कामी येत नाही. वाचवायचा असतो तो घाम, म्हणजे हालचाल कमी करून आणि सावलीत राहून. वाळवंटात गाडी बंद पडल्यास गाडीजवळच थांबावे म्हणतात, ते शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते म्हणून. आपल्याकडे काही किलोमीटरवर गाव आणि गावाच्या तोंडाशी पाणपोई असते, तेव्हा हा नियम तसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही.

प्रमाण असे ठेवा. निघण्याआधी दोन पेले पाणी, नंतर गाडीत बसून असाल तर तासाला साधारण अर्धा लिटर, उघड्यावर असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. नुसते पाणी घटाघटा पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते आणि त्याची लक्षणेही डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशीच असतात. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चालले आहे असे समजा. मुलाला तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट देत राहा. पाच-सहा तास लघवी झाली नाही तर ते धोक्याचे लक्षण आहे.

ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पावडर, जिचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचे असते. पाकीट अर्धे अर्धे करून पेल्यात टाकले की मिठाचे प्रमाण चुकते. दुकानात तशाच रंगाच्या खोक्यांत मिळणारी गोड पेये ओआरएसचे काम करत नाहीत. मात्र दोन वेळा जेवणाऱ्या आणि गाडीत बसून जाणाऱ्या माणसाला ओआरएसची गरजच नसते. त्याला ताक, मठ्ठा, कैरीचे पन्हे किंवा लिंबू सरबत पुरेसे होते. तासन्‌तास घाम गाळल्यावर किंवा जुलाब लागल्यावर मात्र ओआरएस घ्यावे. चहा बेताने घेतल्यास काही बिघडत नाही, दारूने मात्र नक्की बिघडते.

आईंचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या गोळीने शरीरातील पाणी आणि क्षार लघवीवाटे बाहेर जातात. रक्तदाबाच्या इतर काही गोळ्या घाम गेल्यानंतर रक्तदाब आणखी खाली आणतात आणि उभे राहताच चक्कर येते. सर्दीच्या काही गोळ्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतली जाणारी गोळी आणि पोटदुखीवरची डायसायक्लोमीन यांनी घाम येणेच कमी होते, म्हणजे माठाची छिद्रेच बुजतात. म्हणून निघण्यापूर्वी, अजून आठ-दहा दिवस हाताशी आहेत तोवर, आईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्या तीन-चार दिवसांपुरता डोस बदलायचा का ते विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, कारण त्यामुळे दम लागून दवाखान्यात आलेल्या आज्याही मी पाहिल्या आहेत. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वर दिलेले पाण्याचे प्रमाण आणि ओआरएस त्यांना लागू नाही; ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

खिशातल्या कांद्याने अपाय काहीच होत नाही, फायदाही होत नाही. जेवणात खुशाल खा. कांद्यावर माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे: माणूस कोसळल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्याच्या तळव्यांना कांदा चोळण्यात जातात, आणि ती पंधरा मिनिटे फार मोलाची असतात.

ती कशी वापरायची, हे एका उदाहरणाने सांगतो. दुपारच्या वरातीत नाचलेले नवरदेवाचे मामा मांडवात येऊन बसले आणि शर्टाची लावलेली बटणे काढून पुन्हा लावू लागले. कोणी काही विचारले तर “बस निघून गेली” एवढेच म्हणत. लोकांना वाटले, थोडी घेतली असेल. त्यांच्या भाचीने मात्र कपाळाला हात लावून पाहिला आणि आरडाओरडा केला. त्यांना कूलरसमोर सावलीत आडवे केले गेले, शर्ट काढला, पिण्यासाठी आणलेले पाण्याचे कॅन एकामागून एक अंगावर ओतले आणि मठ्ठ्यासाठी आणलेला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत लावला. गाडी येईपर्यंत हे चालूच होते, गाडीतही ओल्या चादरीने वारा घालत आणले. माझ्याकडे पोहोचले तेव्हा ताप १०२ फॅरनहाइटवर आला होता आणि ते स्वतःचे नाव सांगत होते.

ऊन लागून पेटके येणे, डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे इथपर्यंत सावली, आराम आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी भागते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, विनाकारण चिडू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. आतला ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असतो. ‘त्वचा कोरडी असेल तरच उष्माघात’ असे जे सांगतात त्यावर विसंबू नका. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. १०८ ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. आधी गार करा, मग न्या. अर्ध्या तासात ताप उतरला तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता खूप वाढते. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नाही.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा असेल तर आईंना आणि मुलाला वरातीत नेऊ नका, थेट मांडवात न्या. कापडी मांडवात पंख्यापेक्षा कूलरजवळची जागा धरा. घरात कूलर लावला असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवायला सांगा, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि कूलर नावापुरता उरतो. सरबतात टाकलेला लादीचा बर्फ मुलाला देऊ नका. त्या उन्हात जुलाब लागले तर वर लिहिलेला सगळा हिशेब दुप्पट वेगाने बिघडतो. मठ्ठा ताजा असेल तर भरपूर प्यावा, आमच्याकडचा चांगला असतो.

आईंच्या सर्व गोळ्यांची नावे, मधुमेह आहे का आणि अलीकडे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) तपासले असल्यास तो आकडा कळवा. इन्सुलिन चालू असेल तर तेही लिहा, कारण त्याची बाटली या उन्हात सांभाळण्याची रीत वेगळी आहे आणि ती सविस्तर सांगावी लागेल.